पावसाळ्यात लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या कशा ठेवता? (माझ्या आठातल्या पाच फुगल्या)

शेपटीवर_उभा | ६ जून, रात्री १०:४०

मंडळी, पुण्यात काल संध्याकाळी पावसाचा पहिला दणका बसला. फील्डकडे जायच्या रस्त्याला आता दिवाळीपर्यंत चिखल, म्हणजे आपलं रिमोटच्या विमानांचं फ्लाइंग बंद. म्हणून आत्ताच विचारून घेतो, कारण गेल्या वर्षी जे केलं ते परत करायचं नाहीये.

गेल्या जूनमध्ये एका रविवारी पहाटे उठून आठही पॅक फुल चार्ज केले, पाच ३एस २२०० चे (तीन सेलचे, २२०० एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास क्षमतेचे) ट्रेनर (शिकायचं विमान) आणि ग्लायडरसाठी आणि तीन ४एस १५०० चे क्वाडसाठी (चार पंख्यांचा ड्रोन). गाडीत सामान भरलं आणि धो धो सुरू झाला. म्हटलं पुढच्या रविवारी जाऊ. तो पुढचा रविवार काही आलाच नाही. बॅटऱ्या लिपो बॅगेत (सहज आग न पकडणारी कापडी पिशवी), बॅग लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आणि वरच्या कप्प्यात बायकोच्या ठेवणीतल्या साड्या. खंडेनवमीला पूजेसाठी ट्रान्समीटर, चार्जर, सोल्डरिंग आयर्न सगळं बाहेर काढलं, बॅग उघडली तर पाच पॅक पुरीसारखे टम्म. एकाचं तर वरचं निळं आवरण शिवणीवर उसवलेलं. मी हळदकुंकू घेऊन बसलेलो, बायको म्हणते, याची पूजा करताय का शांत करताय?

प्रश्न असा की न वापरता खराब व्हायला ती काय भाजी आहे का? आणि त्या पाचातल्या दोन अगदीच किंचित फुगल्यात, वर्षभर तशाच पडून आहेत, त्या वापरू का? टाकवत नाहीत हो, पैसे मोजलेत.

थर्मलवाला | ७ जून, सकाळी ६:५५

भाजीच आहे ती. पहिल्यांदा ते डोक्यात फिट करा, बाकी सगळं आपोआप येईल.

फुल चार्ज म्हणजे सेलमागे ४.२० व्होल्ट. एवढ्या व्होल्टेजला आतलं द्रावण पॉझिटिव्ह प्लेटशी हळूहळू कुरबुर करत राहतं, त्यातून गॅस सुटतो, उकाडा असेल तर जास्तच. पेन्सिल सेलला निदान पत्र्याचा डबा असतो, लिपोला नुसती चकचकीत पिशवी, वेफर्सच्या पुड्यासारखी. गॅसला जायला जागा नाही, मग फुगते. तुम्ही बॅटरी वापरली नाहीत म्हणून ती खराब झाली नाही, भरून ठेवलीत म्हणून झाली. चार महिने.

ठेवायचं असतं ते सेलमागे ३.८० ते ३.८५ वर. म्हणजे ३एस पॅक ११.४ ते ११.५५ आणि ४एस १५.२ ते १५.४ च्या मधे कुठेही. चार्जरवर स्टोरेज नावाचा मोड असतो, बहुतेकांनी तो कधी उघडलेला नसतो.

रिकामी करून ठेवणं त्याहून वाईट. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की नुकसान सुरू, आणि फारच खाली गेला तर आतल्या निगेटिव्ह बाजूची तांब्याची पट्टी विरघळायला लागते, ते तांबं पुढच्या चार्जिंगला नको तिथे जाऊन बसतं आणि आतल्या आत शॉर्ट. फुगलेल्या दोन्ही टाका. किंचित वगैरे काही नसतं.

बटाटावडा_३५ए | ७ जून, सकाळी ९:२०

मला नाही पटत. माझा मोबाईल रोज रात्रभर चार्जिंगला असतो, तीन वर्षं झाली, काही होत नाही. त्यातही लिपोच असते ना?

थर्मलवाला | ७ जून, सकाळी ९:४८

असते. पण मोबाईलच्या बॅटरीला स्वतःचं सर्किट असतं, ते जास्त चार्जही होऊ देत नाही आणि पार रिकामंही होऊ देत नाही. आपल्या पॅकला काय असतं? दोन जाड वायरी, एक बॅलन्स लीड (प्रत्येक सेल वेगळा मोजायची आणि सगळे सारखे करायची बारीक वायरींची जोडणी), विषय संपला. शिवाय मोबाईल रोज थोडा उतरतो, चार महिने शंभर टक्क्यांवर पडून नसतो. आणि मोबाईल फुगत नाहीत असं कुणी सांगितलं, कुठल्याही रिपेअरिंगवाल्याच्या टेबलाखालचा खोका बघून या. आता तर बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोयच देतात, ती काही हौस म्हणून नाही.

रंकाळा_रोटर | ७ जून, दुपारी १:०५

थर्मलकाका म्हणत्यात ते शंभर टक्के बरोबर, पण ते स्टोरेज मोडचं जरा खरं सांगा की लोकांना. आपल्यातल्या निम्म्या लोकांकडं तो बी-सिक्स छाप चार्जर आहे. त्याची चार्ज करायची ताकद दांडगी, पण उतरवायची फक्त ५ वॅट. ४एस १५०० फुल भरलेला आसंल तर १५.२ वर यायला साधारण ९०० एमएएच काढायला लागत्यात, ५ वॅट म्हणजे त्या व्होल्टेजला जेमतेम ०.३ अँपिअर. तीन तास एका पॅकला. धागाकर्त्याचे आठ पॅक म्हणजे अख्खा एक दिवस आणि वर रात्र. कुणी बसत नाही हो, दोन पॅक झाले की माणूस जेवायला उठतो आणि बाकीचे तसंच.

मी काय करतो सांगतो. गाडीच्या मागच्या लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, होल्डरसकट ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतो. त्याला एक्सटी६० (पॅकच्या जाड वायरींना असतो तो कनेक्टर) लावायचा. ३एसला सरळ लावला तर पावणेदोन-दोन अँपिअर ओढतो, २२०० चा पॅक पाऊण तासात जाग्यावर. ४एसला दोन बल्ब सिरीजमध्ये, एकच लावला तर १६.८ व्होल्टला बल्बच जाईल. बॅलन्स लीडला बझर (सेल ठरलेल्या व्होल्टेजला उतरला की ओरडणारा) लावून ३.८० वर सेट करायचा आणि शेजारी बसायचं. बसायचं म्हणजे बसायचं. बल्ब चांगला तापतो, फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको (माझ्या आईच्या सतरंजीला नाण्याएवढं भोक आहे, विचारू नका).

शेपटीवर_उभा | ७ जून, दुपारी १:३०

बल्बची आयडिया एक नंबर. वाचनखूण साठवली आहे.

कपाशीवाली_ताई | ७ जून, रात्री ८:५०

मी यवतमाळ जिल्ह्यातली. विमान-बिमान उडवत नाही, आमच्या बचत गटाचा फवारणीचा ड्रोन आहे, १० लिटरवाला. तुमचं वाचून हसू आलं कारण आमचा हंगाम बरोबर उलटा आहे भाऊ. तुमचं पावसात बंद, आमचं पावसातच काम, जुलै ते ऑक्टोबर सोयाबीन आणि कपाशी. आमच्या बॅटऱ्या पडून राहतात त्या फेब्रुवारी ते जून. आणि आमच्याकडचा मे तुम्हाला माहीतच आहे, ४५ डिग्री म्हणजे रोजचंच, आणि बॅटऱ्या होत्या टिनाच्या शेडमध्ये, फुल चार्ज. ट्रेनिंगला उडवायचं नीट शिकवलं, औषध किती मिसळायचं ते शिकवलं, हंगाम संपल्यावर बॅटरीचं काय करायचं ते कोणी बोललंच नाही. सहा सेलच्या १६००० च्या चारपैकी दोन गेल्या. एकेकीची किंमत ऐकून गटात आठ दिवस कोणी कोणाशी बोललं नाही.

आता मला विचारायचं आहे की एवढ्या मोठ्या बॅटऱ्या उतरवायच्या कशा? त्या बल्बानं होणार नाही.

रंकाळा_रोटर | ७ जून, रात्री ९:१५

ताई, तुमच्या एका बॅटरीला त्या ५ वॅटच्या चार्जरनं जवळजवळ दोन दिवस लागतील, त्या नादाला लागूच नका. तुमच्याकडं तर सगळ्यात भारी बल्ब आहे, तुमचा ड्रोनच. हंगामाच्या शेवटी टाकी, पाइप आणि नोझल साध्या पाण्यानं धुवावी लागतातच ना? टाकीत स्वच्छ पाणी भरा, उडवा, पडीक तुकड्यावर फवारून टाका. औषध धुतलं जातं आणि बॅटरी पण उतरते. फक्त नेहमीसारखं शेवटपर्यंत नाही न्यायचं, अधेमधे उतरवून मोजत जा. उतरल्याबरोबर आकडा जरा कमी दिसतो, दहा मिनिटांनी वर येतो, तेव्हाचा ३.८५ धरायचा.

कपाशीवाली_ताई | ७ जून, रात्री ९:३२

हे काऊन नाही सुचलं आम्हाला. मागच्या वर्षी टाकी धुतली ती बकेटनं.

आता शेडमधून काढून सिमेंटच्या खोलीत आणल्या आहेत, तिथे कूलर असतो उन्हाळ्यात. चालेल ना?

देवबागचा_खेकडा | ७ जून, रात्री १०:१०

खोली चालेल, कूलरच्या तोंडासमोर नको. कूलर म्हणजे ओली हवा. हे मी सांगतोय कारण आमच्याकडे सिंधुदुर्गात वर्षभर तुमच्या कूलरसमोर बसल्यासारखंच असतं, त्यात खारा वारा. पावसाळ्यात चपलेला बुरशी, बेल्टला बुरशी, देवाच्या फोटोमागे बुरशी. बॅटरीच्या आत काही जात नाही, ती सीलबंद असते, पण बॅलन्स लीडच्या पिना हिरव्या पडतात. मग चार्जरला एका सेलचं व्होल्टेज खोटं दिसतं आणि तो बॅलन्स करत बसतो तासन् तास, आपण म्हणतो सेल गेला. सेल ठणठणीत, पिनच गेलेली.

मी पिनांवर कॅप लावतो, एक्सटी६० वर पण रबरी टोपी, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. तांदळात ठेवू नका, तो मोबाईल पाण्यात पडल्यावरचा अडाणीपणा आहे, तांदळाची भुकटी कनेक्टरमध्ये जाते.

आणि उंदीर! कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. बॅलन्स लीडच्या सिलिकॉन वायरी उंदराला का आवडतात देव जाणे. दोन वायरी कुरतडून उघड्या झाल्या आणि एकमेकींना लागल्या तर पुढचं सांगायला नको. कापडी बॅग उंदराला काहीच नाही, पत्र्याची पेटीच पाहिजे.

बटाटावडा_३५ए | ७ जून, रात्री १०:२५

घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेतो मग. हवाबंद, दमट हवा पण नाही आणि उंदीर पण नाही. एका दगडात दोन.

थर्मलवाला | ७ जून, रात्री १०:३१

अहो नको! एका दगडात घरातले सगळे. एक सेल जरी पेटला तरी ढीगभर गॅस सोडतो, हवाबंद डबा म्हणजे सुतळी बॉम्बच. पत्र्याची ट्रंक घ्या, तिचं झाकण कधीच नीट बसत नाही, तोच तिचा गुण. मिलिटरीच्या ॲम्युनिशन बॉक्ससारखा डबा असेल तर झाकणाचं रबर काढून टाका. दमटपणासाठी सिलिका जेल दर महिन्याला बदला, पण हवेला फट राहू द्या.

ट्रंकेत तळाला विटा किंवा टाइलचे तुकडे, पॅक एकमेकांना चिकटून नकोत. आमच्याकडे बाल्कनीच्या आतल्या कोपऱ्यात जुनी कडप्प्याची मांडणी आहे, तिच्या खालच्या फळीवर ट्रंक. वर काही नाही, शेजारी काही नाही. इन्व्हर्टरजवळ नको, सिलिंडरजवळ नको, जिन्याखाली तर नकोच, कारण आग लागली की पळायची वाट तीच. आणि माळ्यावर नको, वर स्लॅब तापतो.

साड्यांच्या खाली ठेवणाऱ्याला काय बोलणार.

टोरोंटोतला_पोपट | ८ जून, सकाळी ६:१५

फ्रिजचा विषय अजून कसा नाही आला?

इथे आमची सुट्टी थंडीत. गराज उणे १५-२० ला जातं. पहिल्या वर्षी घाबरून सगळे पॅक घरात आणले, मग वाचत गेलो तसं कळलं की नुसतं ठेवायला थंडीचं फार वावडं नाही, बॅटरी थंडीत हळू म्हातारी होते. घोटाळा होतो चार्ज करताना. शून्याखाली असलेला पॅक चार्जरला लावला की लिथियम आत शिरायच्या ऐवजी वरवर साचतं, ते धोक्याचं. म्हणून घरात आणून सहा-आठ तास तसाच ठेवतो आणि मगच चार्जिंग.

त्यामुळे तुमच्याकडे फ्रिज वापरला तर बॅटरी टिकायला खरं तर मदतच होईल. फ्रीझर नाही, साधा कप्पा.

देवबागचा_खेकडा | ८ जून, सकाळी ७:४०

साहेब, तुमच्याकडच्या कोरड्या हवेत ठीक आहे. आमच्याकडे जुलैत फ्रिजमधून लोणच्याची बरणी काढली तरी तिला पाझर फुटतो. बॅटरी काढली की कनेक्टरवर दवच दव, आणि तीच उचलून माणूस चार्जरला लावणार. झिपच्या पिशवीत घालून ठेवली आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता नॉर्मलला येऊ दिली तर चालेल, पण हे सगळं कोण पाळतंय. शिवाय दूध आणि भाकरीच्या पिठाशेजारी आग लागणारी वस्तू मला तरी नको.

थर्मलवाला | ८ जून, सकाळी ८:०२

खेकड्याशी सहमत. पोपटराव चूक नाहीत, पण ३.८ वर आणून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवली की नव्वद टक्के काम झालं. उरलेल्या दहासाठी घरात भांडण कशाला.

सोल्डरचा_चटका | ८ जून, रात्री ११:२०

"किंचित फुगलेली वापरू का" याला माझं उत्तर. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच किंचित होता, ३एस. ऑक्टोबरमध्ये म्हटलं एकदा चार्ज करून बघू, अर्धा सी ला लावला (पॅक तासाभरात भरेल त्याच्या निम्म्या करंटला), म्हणजे अगदी जपून. वीसेक मिनिटांनी खोलीत गोडसर वास आला, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा. मला वाटलं बहिणीचं काहीतरी सांडलं. मग हिस्स आवाज. टेबलावर बघतो तर पॅक उशीसारखा झालेला आणि कडेच्या शिवणीतून पांढरा धूर. प्लग ओढला, स्वयंपाकघरातून सांडशी आणली आणि तो पॅक धरून पळत बाल्कनीत. दारातच पेटला. दीड फूट ज्वाळा, दहा सेकंद वाटलं हात गेला. बाल्कनीत टाकला, बादलीभर पाणी ओतलं, तरी एक सेल मागून परत भडकला, परत पाणी. सांडशी अजून आहे, टोकाला काळी झालेली, आई दुधाला वापरू देत नाही.

थर्मलवाला | ८ जून, रात्री ११:४५

बाळा, वाचलास. पण वाचणाऱ्यांनी हे सांडशी प्रकरण अजिबात करू नका. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतो, फुप्फुसांना फार वाईट. फुगणारा पॅक हातात घेऊन पळायचं नसतं, जमलं तर मेन स्विच बंद करून माणसांनी बाहेर पळायचं आणि फायर ब्रिगेडला १०१ लावायचा. म्हणूनच चार्जिंग पहिल्यापासून बाल्कनीत, फरशीवर, आजूबाजूला मोकळं. शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवली तर बरं, वाळूनं ज्वाळा आजूबाजूला पसरत नाही. आणि लिथियमवर पाणी टाकू नये हे जे ऐकलंय ते शुद्ध लिथियम धातूचं. लिपोत तसा धातू नसतो, भरपूर पाण्यानं ती गार होते आणि गार होणं हेच महत्त्वाचं. पावडरच्या एक्स्टिंग्विशरनं ज्वाळा विझते, पण आतली उष्णता तशीच राहते आणि दोन मिनिटांनी परत पेट घेते.

शेपटीवर_उभा | ९ जून, सकाळी ७:१०

ठरलं, पाचही टाकतो. पण टाकायच्या कुठे? मिठाच्या पाण्यात बुडवायच्या ना?

रंकाळा_रोटर | ९ जून, सकाळी ८:३०

मिठाच्या पाण्याचा काय उपयोग न्हाई. पाण्यानं बाहेरच्या पट्ट्या गंजून तुटत्यात आणि आतला चार्ज तसाच, वरून आपल्याला वाटतंय मेली. तोच बल्ब लावा, पण या पॅकना घराबाहेर उघड्यावर, आणि शून्यापर्यंत जाऊ दे. जो आधीच उसवलाय त्याला हातच लावू नका, बाहेर वाळूच्या कुंडीत ठेवा आणि न्यायला येतील त्यांना तसं सांगा. बाकीच्यांच्या टोकांना चिकटपट्टी मारून ई-कचरा घेणाऱ्यांकडं. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणं जुन्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर आहे, ज्याच्याकडनं घेतल्या त्यालापण विचारा. घंटागाडीत टाकू नका, मागं कचरा दाबणारी गाडी आसती, त्यात पॅक चेपला तर ती माणसं काय करतील? आणि भंगारवाल्याला नको, तो हातोड्यानं फोडून बघतो.

शेपटीवर_उभा | १७ जुलै, रात्री ९:००

अपडेट. एकादशीची साबुदाणा खिचडी खाऊन ट्रंक उघडली. नवे तीन ३एस घेतलेत आणि जुने तीन वाचलेले आहेत, म्हणजे एकूण सहा, सगळे महिन्यापूर्वी ३.८३ वर आणून ठेवलेले. आज पाच पॅक ३.८२-३.८३. सहाव्यात पहिला सेल ३.६१, बाकी दोन ३.८२. हा नवा पॅक आहे हो!

थर्मलवाला | १७ जुलै, रात्री ९:०६

त्याला काही लावून ठेवलं होतं का?

शेपटीवर_उभा | १७ जुलै, रात्री ९:११

बझर. बल्बावर उतरवताना लावला होता तो काढायचाच राहिला.

थर्मलवाला | १७ जुलै, रात्री ९:१४

महिनाभर? महिनाभर ओरडला कसा नाही?

शेपटीवर_उभा | १७ जुलै, रात्री ९:१६

ओरडत होता. सासूबाई म्हणत होत्या बाल्कनीत रातकिडा आहे.

थर्मलवाला | १७ जुलै, रात्री ९:२५

:)) तो बझर स्वतःसाठी करंट घेतो तो सगळ्या सेलमधून सारखा घेत नाही, म्हणून एकच सेल खाली. नशीब ३.६ वर सापडला, आणखी काही आठवड्यांनी मेला असता. बॅलन्स मोडमध्ये हळू, अर्धा सी ने ३.८५ पर्यंत आणा आणि या पॅकवर लाल टेप लावा. इंटर्नल रेझिस्टन्स (सेलचा आतला विरोध, सेल थकला की वाढतो) आत्ताच लिहून ठेवा, तीनही सेलचा. दसऱ्याला परत मोजा.

शेपटीवर_उभा | ११ ऑक्टोबर, रात्री १०:३०

मोजलं. लाल टेपवाला: पहिला सेल जुलैत ९ मिलिओहम होता, आज ११, बाकी दोन ७ वर आहेत तिथेच. व्होल्टेज तिन्हींचं ३.८२. बाकीचे पाच ३.८१ ते ३.८३, एकही फुगलेला नाही, हातात घेऊन दाबून बघितले, चपटे आणि कडक. एका ४एसच्या बॅलन्स पिनेवर हिरवं आलंय, खेकडेराव बरोबर होते, कॅप फक्त त्यालाच लावली नव्हती.

ट्रंक पूजेला मांडली. बायकोनं बॅटऱ्यांना हळदकुंकू वाहिलं, पण जरा लांबूनच.

कपाशीवाली_ताई | ११ ऑक्टोबर, रात्री १०:४८

आमच्या अजून कामात आहेत, पुढच्या आठवड्यात शेवटची फवारणी. मग पाण्याची टाकी भरून उडवणार आहोत. गटातल्या बाकीच्यांना हा धागा मीच वाचून दाखवला.

थर्मलवाला | १२ ऑक्टोबर, पहाटे ५:४०

लाल टेपवाला ट्रेनरमध्ये वापरा, ग्लायडरमध्ये लांब पाठवू नका. वारा पश्चिमेचा आहे, ऊन पण पडेलसं दिसतंय. मी सातला फील्डवर आहे, रस्त्याला अजून चिखल आहे तेव्हा गाडी पुलाअलीकडेच लावा.